दुझलीच्या विहिरीवरची आग

गार्ली आगाचा आवाज मी सव्वीस वर्षं रोज सकाळी सात वाजता ऐकला. त्यातली पहिली चार वर्षं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आगा हे आम्ही वडीलधाऱ्याला मानाने म्हणतो. मी कॉम्प्रेसर स्टेशनात रेडिओवर बसते. आमच्या विभागात गॅसच्या पाइपलाइनवर फिरणारे नऊ राखणदार आहेत, आणि प्रत्येकाच्या वाट्याला वीस-बावीस किलोमीटर वाळू. सात वाजले की मी एकेकाला हाक मारायची, "काय खबर?" आणि त्याने म्हणायचं, "शांत." मग मी वहीत तारीख घालून लिहायचं, शांत. नऊ माणसं, नऊ वेळा शांत. एकदा आठव्या राखणदाराच्या घराचं छप्पर वादळात उडालं होतं आणि तो उघड्यावर बसून बोलत होता. तेव्हाही शांतच होतं.

ही वही साधी नाही. पानांना छापील नंबर, सगळ्या पानांतून ओवलेला दोरा, आणि दोऱ्याच्या गाठीवर लाखेचा शिक्का. पान फाडलं की कळतं. खाडाखोड केली तर खाली तीन सह्या लागतात. रशियनांच्या काळापासूनची पद्धत आहे. रशियन गेले, दोरा राहिला. इतक्या बंदोबस्ताच्या वहीत आम्ही सव्वीस वर्षं एकच शब्द लिहीत होतो, याचं मला आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

माझं नाव ओगुलगेरेक, म्हणजे 'मुलगा हवा'. चौथी मुलगी झाली की आमच्याकडे असं नाव ठेवतात, वरच्याला निरोप पोचावा म्हणून. माझ्या वेळी तो काही पोचला नाही, माझ्या पाठीवर आणखी दोघी आल्या. अशा नावाचं माणूस फटकळ निघालं तर त्यात नवल नाही. स्टेशनातले लोक मला वचकून असतात. गार्ली वचकत नव्हता, कारण तो एका शब्दापलीकडे बोलतच नव्हता.

गार्ली म्हणजे बर्फातला. बर्फ पडत असताना जन्मला म्हणून ते नाव. अंगाने वाळका, डोक्यावर उन्हाळ्यातही मेंढीच्या कातड्याची टोपी, हातात लोखंडी टोकाची काठी. अक्षरशः नाकासमोर चालणारा माणूस. एकतीस वर्षं तो त्याच वीस किलोमीटरवर गेला आणि आला. बायको गेल्यावर लाइनीवरच्या सरकारी घरात एकटा राहिला, आणि मुलगी वस्तीत नेते म्हणाली तरी गेला नाही.

पाइपातल्या गॅसला वास नसतो. घरच्या शेगडीतल्या गॅसला जो वास येतो तो शहराच्या वेशीवर मुद्दाम घातलेला असतो. वाळवंटात गळती शोधायची ती डोळ्यांनी आणि कानांनी. कुठे उंटकाट्याची झुडपं गोल रिंगणात पिवळी पडलीत का, पावसानंतरच्या डबक्यात बुडबुडे येताहेत का, भर जूनमध्ये वाळूवर दहिवर धरलंय का, कारण दाबातून सुटलेला गॅस गार असतो. गार्ली वाळूवर आडवा होऊन कान लावायचा. "रजईखाली किटली ठेवल्यासारखं ऐकू येतं," असं त्याने मला एकदा सांगितलं होतं. एवढं लांब वाक्य त्याच्याकडून मिळालं म्हणून माझ्या लक्षात आहे.

गळती सापडली की काय करायचं, याचे नियम भिंतीवर टांगले आहेत. खरी पद्धत वेगळी. वहीत गळती लिहिली की वरून माणसं येतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, "आजवर का नाही लिहिलं?" ज्याला सापडली त्याच्याच गळ्यात पडते. म्हणून राखणदार आपापल्या भागात रबराचा तुकडा आणि लोखंडी पट्टा आवळून मोकळे व्हायचे. जिथे पट्ट्याने भागायचं नाही तिथे गॅस पेटवून द्यायचे. मोकळा सुटलेला गॅस कुठे जाईल सांगता येत नाही, जळणारा डोळ्यांसमोर तरी राहतो. आणि सकाळी सात वाजता, शांत. त्यांना ठाऊक, मला ठाऊक, साहेबांना ठाऊक. अळीमिळी गुपचिळी.

गार्लीच्या हद्दीत दोनशे चौदाव्या किलोमीटरवर एक जुनी फांदी फुटते, पलीकडच्या वस्तीला गॅस नेणारी. तिथून हाकेच्या अंतरावर दुझलीची विहीर आहे. दुझली म्हणजे खारट, पाणी मेंढ्यांपुरतं. विहिरीवर बोस्सान नावाची विधवा राहते, साठेक मेंढ्या राखून. तिचा नवरा गार्लीचा थोरल्या भावासारखा दोस्त होता, म्हणून ती त्याची वहिनी आणि तो तिचा भावजी. फांदीचा सांधा गळायला लागला तो नवरा गेला त्याच वर्षी. गार्लीने सांध्यावर जुन्या बॉयलरचं झाकण पालथं घातलं, त्यातून एक लोखंडी नळी काढून वीस पावलं लांब नेली आणि टोकाला काडी लावली. बोस्सानने त्याभोवती तीन दगड मांडले. झाली चूल.

ही चूल अकरा वर्षं विझली नाही. यात आमच्याकडच्या माणसाला नवल वाटणार नाही. आमच्या लहानपणापासून गॅस फुकट होता आणि काडेपेटी विकत, म्हणून सगळ्या वस्तीत शेगड्या रात्रंदिवस जळायच्या. माझी आई दोन दिवस माहेरी गेली तरी शेगडी चालू ठेवून जायची. शेगडी विझवणारी बाई उधळी. नंतर मीटर आले, सवय तशीच राहिली.

तर गार्ली फेरीवर निघाला की दुझलीला थांबायचा. बोस्सान नळीवरच्या किटलीतला हिरवा चहा त्याच्यापुढे ठेवायची, तंदूरमधली भाकरी मोडायची, आणि बोलायची. तो ऐकायचा.

"भावजी, तुम्ही बोलत नाही ते बरंय," ती म्हणायची. "नाहीतर माझं बोलणं कधी झालं असतं?"

दोघांचं असं छान चाललं होतं.

मग नवे साहेब आले, हेमरा सपारोविच. वय चाळीस, पायात वाळवंटात कुणी घालत नाही असे चकचकीत बूट. वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त आपल्या काळात काही घडायला नको होतं. त्या शरद ऋतूत राजधानीतून त्याच्याकडे एक कागद आला. परदेशातल्या कुणीतरी आकाशातून फोटो काढले होते आणि आमच्या विभागात आठ लाल ठिपके दिसत होते. आठ आगी.

गार्लीला स्टेशनात बोलावलं. मी माझ्या टेबलाशी होते.

"गार्ली आगा, दोनशे चौदावर आग आहे म्हणे."

"आहे, हेमरा सपारोविच."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली."

"आणि वहीत काय लिहिलंय?"

गार्लीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"शांत," गार्ली म्हणाला.

"मग आता खरंच शांत करा. आग विझवायची."

"विझवतो. पण सांधा बदलायला हवा. फांदी दोन दिवस बंद ठेवावी लागेल."

साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. "आगा, असं बघा. फांदी बंद करायची तर वरची परवानगी लागते. परवानगी मागितली की कारण विचारतात. आणि कारण सांगितलं की विचारतील, अकरा वर्षं काय झोपा काढत होता? पेन्शनला किती राहिलंय तुमच्या?"

"मेमध्ये."

"मग? ती नळी काढा, खड्ड्यात चिकणमाती भरा, ठोकून बसवा, वर वाळू ओढा. जे दिसत नाही ते नाही."

"गॅस गळतच राहील."

"राहू दे की! वर जाईल. आभाळ काय लहान आहे?"

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी गिळलं. मलाही पेन्शन आहे. साहेबांनी 'आग विझवतो' एवढंच लिहिलेला कागद गार्लीपुढे सरकवला. मग त्याने सही केली.

नोव्हेंबरात आठही आगी विझल्या. दुझलीला गार्ली तिघांना घेऊन गेला. नळी उपटली, झाकण काढलं, माती ठोकली. बोस्सान दारात उभी राहून बघत होती.

"भावजी, माझी चूल कुठे नेता?"

"पाइप दुरुस्त झाला, वहिनी. आता गळत नाही."

"अकरा वर्षं जळत होतं तेव्हा कुणाला खुपलं नाही. आता आकाशात कुणाचे डोळे दुखले?"

फोटोंची बातमी टँकरवाल्याकडून तिच्यापर्यंत पोचली होती. नंतर गार्ली मला म्हणाला, की एकतीस वर्षांत कुणाच्या तोंडावर बोललेलं हे त्याचं पहिलं खोटं. रेडिओवरचं तो धरत नव्हता, कारण रेडिओला तोंड नसतं. मी म्हटलं, वा, म्हणजे माझं तोंड कुठे गेलं? तो हसला नाही.

बोस्सानने घरातली लोखंडी शेगडी साफ केली आणि सक्सौलच्या झुडपांचं सरपण फोडायला लागली. तीही विझू द्यायची नाही, हे ओघाने आलंच. निजताना निखाऱ्यांवर राख ओढायची, पहाटे फुंकर घालायची. काडी तिने पहिल्या दिवशी एक ओढली, तेवढीच.

फेब्रुवारीत दोन दिवस पाऊस पडला आणि त्यावर कडक गारठा पडला. भिजलेली जमीन वरून थिजली, टणक झाली. अशा वेळी खाली अडकलेल्या गॅसला वर वाट मिळत नाही. तो मग आडवा सरकतो, जिथे पोकळी मिळेल तिथे. हे राखणदाराला ठाऊक असतं. बोस्सानला कसं असणार? तिला तर पाइप दुरुस्त झालाय असं सांगितलेलं.

मंगळवारी पिरली आला. पिरली विहिरींवर गोडं पाणी पोचवणारा टँकरवाला, त्याच्या टाकीत पाण्यापेक्षा बातम्या जास्त. माझ्या टेबलावर बसून, माझाच चहा पीत म्हणाला, "ताई, दुझलीच्या म्हातारीची तीन कोकरं गेली. एका रात्रीत. जखम नाही, रक्त नाही. झोपल्यासारखी पडलेली. कुत्रं तळघराकडे फिरकत नाही, लांबून गुरगुरतं."

तळघर म्हणजे कोकरांसाठी जमिनीत अर्धं खणलेलं घर, वर मातीचं छप्पर, दाराला लोकरीच्या जाड नमद्याचा पडदा. थंडीत कोकरं तिथे कोंडतात.

"लांडगा?" मी विचारलं.

"लांडगा काय कोकरू मारून तसंच ठेवतो होय? म्हातारी म्हणते दृष्ट लागली. आत गेलं की तिचंही डोकं जड होतं. उद्या बुधवार, उद्या हरमलाची धुरी देणार आहे तळघराला."

"तिच्याकडे दृष्ट लागावी असं आहे तरी काय?" मी म्हटलं, आणि उरलेला चहा त्याच्या हातातून काढून घेतला. धुरी तर आम्ही सगळेच देतो. घरात आजारपण आलं, गुरं मेली, पोर रडायला लागलं, की तव्यात निखारे घ्यायचे, वर हरमलाचा वाळलेला पाला टाकायचा आणि कानाकोपऱ्यातून धूर फिरवायचा. मी स्वतः नातीच्या डोक्यावरून दर बुधवारी फिरवते. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मी ते विसरून गेले. सव्वीस वर्षं गॅसच्या स्टेशनात काढूनही मला वाटलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते.

बुधवारी सात वाजता मी हाक मारली.

"गार्ली आगा, काय खबर?"

"शांत."

मी लिहिलं. पुढच्याला हाक मारणार, एवढ्यात गंमत म्हणून म्हटलं, "तुमच्या वहिनीला दृष्ट लागली म्हणे. तीन कोकरं मेली एका रात्रीत."

"कशाने?"

"ते कुणाला ठाऊक! जखम नाही की काही नाही. आज तळघरात हरमल जाळणार आहे."

"काय?"

"धुरी हो. निखारे घेऊन…" मी म्हणाले, आणि ते वाक्य माझ्याच तोंडात थांबलं.

त्याने रेडिओ बंदसुद्धा केला नाही. खुर्ची पडल्याचा आवाज आला, मग दार, मग मोटारसायकलला मारलेल्या किका. एक, दोन, तीन. थंडीत ती पटकन सुरू होत नाही. मी मोजत होते. अकराव्या किकेला सुरू झाली. त्याच्या घरापासून दुझली नऊ किलोमीटर. उरलेल्या राखणदारांना मी हाक मारली की नाही ते आठवत नाही, वहीत मात्र सगळ्यांपुढे शांत लिहिलेलं आहे.

पुढचं मी बोस्सानकडून ऐकलं, चार वेळा. चारही वेळा थोडं वेगळं होतं, पण ताव तोच होता.

ती तवा घेऊन घरातून निघाली होती. शेगडीतले चांगले लाल निखारे, वर मूठभर हरमल, धूर नाकात जाईल असा. तोंडाने मंत्र पुटपुटत होती. धुरी देताना मध्ये बोलायचं नाही, मागे वळायचं नाही, असं तिच्या सासूने तिला शिकवलेलं. मोटारसायकल ऐकू आली, तरी ती वळली नाही. भावजी ओरडताना ऐकू आले, "वहिनी, थांबा! वहिनी!" तरी वळली नाही. उलट तिने पाऊल उचललं, की हा बोलभांडपणा करून धुरी फुकट घालवतोय. तळघराचा पडदा दोन हातांवर होता. डावा हात तिने पडद्याला लावला.

गार्लीने धावत येऊन तिच्या उजव्या हातावर काठी मारली.

तवा उडाला, बर्फाळ मातीवर घसरत गेला. निखारे विखुरले. गार्ली त्यांच्यावर बुटांनी नाचत होता, मग टोपी काढून टोपीने मारत होता. वाळवंटातल्या आमच्या माणसांत दिराने भावजयीला बोटही लावायचं नसतं. याने काठी मारली.

"मेल्या!" बोस्सान म्हणाली. भावजी वगैरे सगळं गेलं. "मुडद्या! माझ्या नवऱ्याने उभ्या जन्मात माझ्यावर हात उगारला नाही, आणि तू? दृष्ट लागलीय ती तुझीच आहे!"

"वहिनी, आधी लांब चला."

"नाही चलत. हात मोडलास माझा."

त्याने तिला दंडाला धरून ओढत विहिरीपलीकडे नेऊन बसवलं. परत येऊन घरात शिरला आणि तिच्या शेगडीवर बादलीभर वाळू ओतली. ते बघून तिने जो आक्रोश केला तो हातावरच्या काठीपेक्षा मोठा होता, असं ती स्वतःच सांगते. मग त्याने तळघराचा पडदा उपटून टाकला, फावड्याने छप्पर फोडलं, आतली कोकरं एकेक करून बाहेर फेकली. दोन उठली नाहीत. बाकीची लडखडत उभी राहिली.

तासभर वारा खाऊ दिल्यावर तो तिला घेऊन तळघराच्या तोंडाशी आला. तिच्याच साबणाचं पाणी त्याने एका वाडग्यात केलं आणि आतल्या जमिनीच्या भेगेवर ओतलं. भेग फसफसायला लागली. एवढा फेस की उतू जाणाऱ्या दुधासारखा वर आला.

बोस्सान फेसावर वाकली. "हे काय आहे?"

"गॅस. आपल्या चुलीतला."

"तो तर तुम्ही दुरुस्त केला होता."

"नाही केला, वहिनी. पुरला."

"मला सांगितलंत दुरुस्त केला."

"हो. खोटं सांगितलं."

तिने मग पडलेल्या तव्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, स्वतःच्या सुजलेल्या हाताकडे पाहिलं. बोस्सान गप्प बसली, हे गार्लीला सगळ्यात लागलं. मला तो म्हणाला, "ओगुल, ती शिव्या देत होती तोवर बरं होतं."

मोटारसायकलवरचा छोटा रेडिओ दुझलीजवळच्या टेकाडावरून जेमतेम लागतो. दहा वाजून वीस मिनिटांनी तो वाजला. हेमरा सपारोविच तेव्हा माझ्या खोलीत उभे होते, कॅलेंडर सरळ करत.

"स्टेशन, मी गार्ली. लिही."

"बोला आगा. आहे का ती?"

"आहे. लिही. दोनशे चौदावा किलोमीटर, जुनी फांदी. शांत नाही."

मी पेन उचललं. आमच्या रेडिओवर एकाचं बोलणं नवांना ऐकू जातं. सगळे ऐकत होते.

"सांधा अकरा वर्षं गळतोय. मी पेटवून ठेवला होता. नोव्हेंबरात मीच माती ठोकून बुजवला. गॅस जमिनीखालून घरापर्यंत आला. पाच कोकरं मेली. माणूस थोडक्यात वाचलं. फांदी बंद करा. लिहिलंस?"

"लिहिते," मी म्हणाले.

"लिहू नका," साहेब म्हणाले. "ओगुलगेरेक, ऐका. असं लिहा, 'विहिरीजवळ किंचित वास आला, तपास चालू.' बस."

"साहेब, गॅसला वास नसतो," मी म्हणाले, आणि गार्लीचे शब्द होते तसे उतरवले. घाईत अक्षर वाकडं आलं. ते पान अजून तसंच आहे. सकाळी सात वाजता त्याच पानावर, त्याच माणसापुढे, शांत. खाली दहा वीसला, शांत नाही. साहेबांनी वही हातात घेतली, दोरा पाहिला, लाख पाहिली आणि परत ठेवली. फाडलेल्या पानाचा जाब गळतीपेक्षा मोठा असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

फांदी दुसऱ्या दिवशी बंद झाली. नवा सांधा बसायला दीड दिवस लागला. दीड दिवस! अकरा वर्षांच्या आगीचं एवढंच काम होतं.

गार्लीला कामावरून काढलं. कागदावर कारण होतं, 'परवानगीवाचून अकरा वर्षं उघडी आग बाळगली.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. माती ठोकायला कुणी सांगितलं, ते कागदावर नव्हतं. मेपर्यंत तीन महिने राहिले होते. कामाची पेन्शन गेली, म्हातारपणाची तुटपुंजी उरली. लाइनीवरचं घर सोडून तो वस्तीत मुलीकडे आला. मला एक लेखी ताकीद मिळाली, अक्षर वाकडं काढल्याबद्दल. कारण काहीतरी लिहायला हवं होतंच.

मी त्याला भेटायला गेले तेव्हा तो स्वयंपाकघरात बसला होता, मुलीच्या चालू शेगडीसमोर.

"वाईट वाटतं का, आगा?" मी विचारलं.

"वाटतं," तो म्हणाला. "पण काढलं म्हणून नाही. सही केली म्हणून. तू सकाळी गंमत केली नसतीस तर?"

तोच विचार माझ्याही डोक्यात रोज सात वाजता येतो.

बोस्सान त्याच्याशी बोलायची बंद झाली होती. सांधा बसला, चूल गेली, सरपण फोडणं नशिबी आलं, आणि हाताचं हाड बसायला दीड महिना लागला. एप्रिलमध्ये पिरली टँकर घेऊन गार्लीच्या मुलीच्या दारात आला. त्याच्या बाजूच्या सीटवर एक कोकरू होतं, आणि गळ्यात बांधलेली वाळलेल्या हरमलाची जुडी.

"म्हातारीने पाठवलंय," पिरली म्हणाला. "म्हणाली, भावजींना सांग, हात अजून दुखतो. आणि सांग, दृष्ट खरंच लागलीय, पण त्यांना लागलीय. धुरी घ्या म्हणावं. बाहेर उघड्यावर."

गार्लीने जुडी हातात घेतली आणि मुलीला म्हणाला, धूर लागला डोळ्यांत. तोवर काही पेटलेलं नव्हतं.

कोकरू अजून आहे. आता मेंढा झालाय, दारात कुणाला टिकू देत नाही.

आकाशातून फोटो काढणाऱ्यांनी पुढच्या वर्षी दुसऱ्या डोळ्याने फोटो काढले. त्या डोळ्याला आग नाही, न जळलेला गॅस दिसतो. आमच्या विभागावर आता सात काळे डाग आहेत, विझवलेल्या आगींच्या जागीच. आधीच्या ठिपक्यांहून कितीतरी मोठे. ही सातही ठिकाणं निर्मनुष्य आहेत. तिथे कुणाची कोकरं मरत नाहीत आणि कुणी धुरी देत नाही, म्हणून तिथे शांत आहे. नवा कागद आला तेव्हा हेमरा सपारोविच दुपारभर त्याच्याकडे बघत बसले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी मात्र त्या बुधवारपासून एक प्रश्न जास्त विचारते. राखणदार 'शांत' म्हणाला की विचारते, "पाहून सांगतोस, की बसून?" सुरुवातीला हसायचे. मग चिडायला लागले. एक जण म्हणाला, "बाई, तुम्ही रेडिओवर आहात की पोलिसात?" मी म्हटलं, "माझं नाव मुलगा हवा आहे, बाबा, मला कुणी हवं म्हणून आणलेलंच नाही. उत्तर दे."

गेल्या सोमवारी आतादुर्दी नावाच्या राखणदाराला विचारलं. एकशे एकोणसाठाव्या किलोमीटरवर त्याची पुरलेली आग आहे. नऊ वर्षं शांत सांगतोय, घरात तीन लहान मुली आहेत, पेन्शन अजून बारा वर्षं लांब.

"काय खबर?"

"शांत."

"पाहून सांगतोस, की बसून?"

बाकीचे आठ जण ऐकत होते. मला रेडिओतून त्याच्या बायकोचा आवाज आला, ती मुलींना शाळेसाठी उठवत होती.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "आधीचं पुसता येतं का?"

"येत नाही. नंबर आहेत पानांना."

"मग खालीच लिहा. एकशे एकोणसाठ."

मी पेन उचललं आणि तारीख घातली.